पासिंगपेक्षा चार टन जादा

पुण्यातल्या नवले पुलाच्या उतारावर एखादा ट्रेलर पुढच्या गाड्या चेपत गेला की पुढचे दोन दिवस काय होणार हे आता आपल्याला पाठ आहे. पहिल्या दिवशी ‘ब्रेक निकामी’, दुसऱ्या दिवशी ‘चालकावर गुन्हा’. मग वाद. एक बाजू म्हणते, या लोकांची लायसन्सं कायमची काढून घ्या, दंड दसपट करा. दुसरी म्हणते, बिचारा रात्रंदिवस गाडी मारतो, त्याला कशाला छळता? जानेवारी २०२४ मध्ये भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) वरून चक्का जाम झाला तेव्हा हेच भांडण देशभर झालं. अपघातात जीव घेऊन, कुणालाही न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा, हा मुद्दा होता. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, सरकारनं चर्चा केल्याशिवाय हे पोटकलम लागू करणार नाही असा शब्द दिला आणि १ जुलै २०२४ ला बाकीची संहिता लागू झाली तेव्हा तेवढं ते पोटकलम बाजूला राहिलं. त्या गदारोळात ड्रायव्हर राक्षस आहे की गरीब गाय आहे, यावर तासन्‌तास बोललं गेलं. त्याच्यामागच्या हौद्यात माल कुणी भरला, किती भरला आणि एवढा माल ओढायला त्याला कुणी शिकवलं होतं का, हे मात्र मला कुणाच्या तोंडून ऐकू आलं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. वजनाचा नियम रस्त्यावर मोडला जात नाही. तो माल भरताना मोडला जातो, आणि म्हणून पहिला दंड माल भरून देणाऱ्यावर बसला पाहिजे. दुसरं असं की, कायदा जेवढं वजन रस्त्यावर आणायला परवानगी देतो, त्या वजनाच्या चढत्या पायऱ्या लायसन्सातही असल्या पाहिजेत. वजन आणि लायसन्स हे आपण दोन वेगळे विषय करून टाकले आहेत. घाट उतरताना ते एकच असतात.

बारा वर्षं मी कळंबोलीत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेब लिहीत होतो. ऑफिस म्हणजे दहा बाय बाराची खोली, बिल्टीबुकांचा ढीग आणि दारात चहाचा ग्लास घेऊन उभे असलेले ड्रायव्हर. २०२२ च्या जुलैत एका रात्री आमची एक बावीस चाकी गाडी दोन कॉइल, म्हणजे पोलादी पत्र्याच्या गुंडाळ्या, घेऊन वजनकाट्यावर चढली. खिडकीतल्या लाल आकड्यांनी ग्रॉस, म्हणजे गाडी आणि माल मिळून, ५९,१२० किलो दाखवलं. पासिंग, म्हणजे कागदोपत्री मंजूर एकूण वजन, पंचावन्न टनांचं. गाडीवर जे ड्रायव्हर होते त्यांना आम्ही सगळे तात्या म्हणायचो. पंचवीसेक वर्षं स्टिअरिंगवर काढलेला माणूस. पावसात भिजत ते पावती घेऊन आत आले आणि म्हणाले, “शेठ, चार टन जादा आहे. पुढं घाट आहेत. एक कॉइल बारकी द्यायला सांगा.” शेठनी फोन लावला, पलीकडून जे काय सांगितलं गेलं ते ऐकलं आणि फोन ठेवून म्हणाले, “तात्या, आज याच कॉइल आहेत. तुम्हाला न्यायचं नसेल तर नका नेऊ. बाहेर सहा गाड्या उभ्या आहेत.” आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. ओव्हरलोड असाच होतो. कुणी जबरदस्ती करत नाही. फक्त बाहेर सहा गाड्या उभ्या असतात.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारनं ॲक्सलवरच्या, म्हणजे चाकांच्या आसावरच्या, वजनाच्या मर्यादा वाढवल्या. दोन ॲक्सलचा सहा चाकी ट्रक १६.२ टनांवरून १८.५ वर गेला, तीन ॲक्सलचा दहा चाकी २५ वरून २८.५ वर, आणि घोडा (पुढची ओढणारी गाडी) व ट्रेलर मिळून जास्तीत जास्त वजन ४९ वरून ५५ टनांवर. त्यानंतर २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मधला दंड वाढला: ओव्हरलोड सापडला की २० हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. तात्यांच्या गाडीला तो २८ हजार झाला असता. आकडा ऐकून छाती दडपते खरी, पण कलमातले शब्द नीट वाचा. हा दंड नुसता गाडी चालवणाऱ्याला नाही. जो चालवायला लावतो किंवा चालवू देतो त्यालाही आहे. कलम ११३ तर आणखी पुढे जातं. ड्रायव्हर मालक नसेल तर हा गुन्हा मालकाच्या माहितीनं किंवा हुकमानं झाला असं कोर्ट गृहीत धरू शकतं. म्हणजे कायदा लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की ड्रायव्हर स्वतःच्या हौसेनं चार टन लोखंड उचलत नाही. तरीही त्या बारा वर्षांत आरटीओच्या वायुवेग पथकानं आमच्या ज्या ज्या गाड्या धरल्या, त्यातल्या एकाही केसमध्ये माल भरून देणाऱ्याचं नाव मी पाहिलं नाही. नाव असायचं ते गाडीचं आणि ड्रायव्हरचं.

चार टनांनी असं काय बिघडतं, हा प्रश्न धंद्यातले लोक प्रामाणिकपणे विचारतात. पंचावन्नात चार म्हणजे सात टक्के. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून वेगवेगळ्या वजनाचे ट्रक लाखो वेळा फिरवले गेले. त्यातून रस्ते बांधणाऱ्या इंजिनिअरांच्या हाती एक ठोकताळा आला तो आजही वापरात आहे: ॲक्सलवरचं वजन वाढलं की रस्त्याची झीज साधारण त्याच्या चौथ्या घातानं वाढते. वजन दुप्पट, तर झीज सोळा पट. या हिशेबानं सात टक्के जादा वजन रस्ता तीस टक्क्यांहून जास्त झिजवतं. याच हिशेबातून उलटी गोष्टही निघते, आणि ‘हे राक्षसी ट्रेलर बंद करा’ म्हणणाऱ्यांनी ती ऐकावी. पासिंगमध्ये भरलेल्या बावीस चाकीच्या ट्रेलरचे मागचे तीन ॲक्सल मिळून २७ टन झेलतात, म्हणजे प्रत्येकी नऊ. साध्या सहा चाकी ट्रकचा मागचा एकटा ॲक्सल साडेअकरा टन झेलतो आणि ट्रेलरच्या एका ॲक्सलच्या अडीच पटींहून जास्त रस्ता झिजवतो. मोठी गाडी वाईट नाही. पासिंगबाहेरची गाडी वाईट.

पण रस्त्याचं जाऊ द्या, तो पुन्हा बांधता येतो. घाटाचं गणित वेगळं आहे. खंडाळ्याहून खोपोलीला उतरणं म्हणजे सुमारे पाचशे मीटर खाली येणं. ५५ टनांची गाडी पाचशे मीटर खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते ती कुठेतरी जिरवावीच लागते. काही हवा खाते, काही टायर खातात, काही इंजिन, आणि उरलेली ब्रेकचे लायनर. ती सगळी ऊर्जा पाणी तापवायला वापरली तर नऊशे लिटर पाण्याला उकळी फुटेल. पासिंगमधल्या गाडीची ही गोष्ट. जादा भरलेला प्रत्येक टन आणखी सोळा-सतरा लिटर उकळवतो. ‘ब्रेक निकामी’ हे शब्द वाचून आपल्याला वाटतं, काहीतरी तुटलं असेल. बहुतेक वेळा तुटत काही नाही. लायनर तापून तापून पकड सोडतात, खालच्या वळणाशी येईपर्यंत ड्रायव्हर पाय दाबत राहतो आणि गाडी काही थांबत नाही.

इथे मला दुसऱ्या बाजूचा सगळ्यात सबळ मुद्दा मान्य करायला हवा. ब्रेक तापणार की नाही हे वजनाइतकंच गिअर कोणता आहे यावर ठरतं, आणि गिअर ड्रायव्हरच्या हातात असतो. जुने लोक सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेकला फक्त मधूनमधून हात द्यावा लागतो. पण डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून, काही वेळा चक्क इंजिन बंद करून उतार सोडणारेही आहेतच. नोव्हेंबर २०२२ मध्ये नवले पुलावर चाळीसहून जास्त गाड्यांना धडक बसली तेव्हा उतारावर इंजिन बंद केल्याचीच चर्चा होती. दारू आहे, झोप आहे, मोबाईल आहे. या धंद्यात बारा वर्षं काढून ड्रायव्हर सगळे संत असतात असं मी म्हणू लागलो तर तात्याच मला हसतील. तेव्हा ड्रायव्हरकडून काहीच मागू नका, असं माझं म्हणणं नाही. मी विचारतोय ते हे, की आपण त्याच्याकडून जे मागतो ते त्याला कधी शिकवलं होतं का?

लायसन्सचा इतिहास इथे उपयोगी पडतो. १९८८ च्या मूळ कायद्यात मध्यम मालवाहू आणि अवजड मालवाहू वाहनांचे वर्ग लायसन्सावर वेगवेगळे होते. १९९४ च्या दुरुस्तीनं ते पुसले गेले आणि त्यांच्या जागी ‘परिवहन वाहन’ हा एकच शब्द आला. वय वीस पूर्ण, हलक्या वाहनाचं लायसन्स एक वर्ष जुनं, एवढं असलं की त्या वर्गाच्या शिकाऊ लायसन्सला माणूस पात्र. हलक्या वाहनाची रेघ ७,५०० किलोंवर आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं विमा कंपन्यांचा जुना वाद मिटवताना सांगितलं की या मर्यादेच्या आतलं मालवाहू वाहन साध्या हलक्या लायसन्सवर चालवता येईल. निकाल योग्यच होता; छोटा टेम्पो चालवणाऱ्याला केवळ कागदाच्या खुसपटावरून भरपाईच्या दाव्यात अडकवण्यात अर्थ नव्हता. पण त्यानं चित्र लख्ख झालं. साडेसात टनांवर कायद्याला एक रेघ दिसते, आणि तिच्यापलीकडे पंचावन्न टनांपर्यंत सगळं सपाट मैदान. बारा टनांचा ट्रक, अठरा टनांचा, आणि मध्यावर सांधा असलेला, वळताना दोन तुकड्यांत वागणारा ट्रेलर, या सगळ्यांना कलम १० मध्ये शब्द एकच. आणि वजन मात्र आपण सढळ हातानं देतो. ब्रिटनमध्ये सहा ॲक्सलच्या गाडीला ४४ टनांची मर्यादा आहे, अमेरिकेच्या महामार्गांवर साधारण ३६ टनांची.

ट्रेलर हा नुसता मोठा ट्रक नसतो. ज्यानं तो कधी रिव्हर्स घेतलाय त्याला हे सांगावं लागत नाही. मागचा ट्रेलर डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग आधी उजवीकडे कापावं लागतं, आणि डोकं हे उलटं गणित शिकेपर्यंत काही महिने जातात. ओल्या रस्त्यावर घोड्याचे ब्रेक जोरात लागले आणि ट्रेलरचे उशिरा, तर मागचं धूड पुढे रेटतं आणि गाडी सांध्यात कात्रीसारखी मिटते. वळणावर मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत येत नाहीत, आत कापतात. मोटारसायकलवाला नेमका तिथेच सापडतो. यातलं काय काय शिकाऊ मुलाच्या वाट्याला येतं? माझ्या पाहण्यातल्या ड्रायव्हिंग स्कूलची हेवीची गाडी म्हणजे एक जुनाट सहा चाकी ट्रक, तोही रिकामा. २०२१ मध्ये केंद्रानं मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम आणले. त्यांत अवजड वाहनासाठी सहा आठवड्यांत ३८ तासांचा अभ्यासक्रम आहे. चांगली सुरुवात आहे. पण ते ३८ तास सहा चाकीवर काढून उद्या बावीस चाकीवर बसायचं, यात मधली पायरी कुठे आहे? ती असते क्लीनरच्या सीटवर. उस्ताद झोपला की पोरगं गाडी हातात घेतं, रात्री दोन वाजता, भरलेल्या गाडीवर. आपल्या देशातलं ट्रेलरचं खरं विद्यापीठ तेच आहे.

कॅनडातल्या हम्बोल्टचं उदाहरण इथे द्यायला हवं, कारण त्यात आपल्या या वादाच्या दोन्ही बाजू एकत्र दिसतात. ६ एप्रिल २०१८ ला सस्कॅचवान प्रांतात एक ट्रक चौकातली थांबण्याची पाटी ओलांडून आला आणि हॉकीच्या तरुण संघाची बस त्याच्यावर आदळली. सोळा जण गेले. ट्रकचा ड्रायव्हर भारतातून तिकडे गेलेला तरुण होता. कामावर लागून त्याला जेमतेम महिना झाला होता; दोन आठवडे मालकाबरोबर फिरला आणि मग एकटाच, एकामागे एक जोडलेले दोन ट्रेलर घेऊन निघाला. मागच्या ट्रेलरवरच्या फडफडणाऱ्या ताडपत्रीकडे त्याचं लक्ष गेलं होतं. त्यानं गुन्हा कबूल केला, आठ वर्षांची शिक्षा झाली. मालकालाही शिक्षा झाली: नोंदी आणि सुरक्षा नियमांच्या गुन्ह्यांत पाच हजार डॉलर दंड. अपघाताच्या पुढच्या वर्षी त्या प्रांतानं नव्या ट्रेलर ड्रायव्हरांना १२१.५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. म्हणजे मुलाला दोन आठवड्यांत रस्त्यावर सोडणं चूक होतं हे सरकारनं मान्य केलं, फक्त सोळा माणसं गेल्यावर.

यावर ट्रान्सपोर्टवाल्यांचं उत्तर ठरलेलं आहे, आणि ते फेकून देण्यासारखं नाही: आधीच ड्रायव्हर मिळत नाहीत, त्यात आणखी पायऱ्या लावल्या तर गाड्या उभ्या राहतील. ड्रायव्हर मिळत नाहीत हे खरं आहे. २०१९ मध्ये केंद्रानं आठवी पासची अट काढून टाकली ती याच कारणानं, आणि तो निर्णय मला पटतो. घाट उतरायला आठवीचं प्रगतिपुस्तक लागत नाही. पण ड्रायव्हर का मिळत नाहीत? लायसन्स अवघड आहे म्हणून? गावाकडे विचारून बघा. पंधरा वर्षांपूर्वी ज्यांनी दोन पोरांना क्लीनर म्हणून लावलं, त्यांच्या घरी आज कुणी पोराला गाडीवर पाठवत नाही. ड्रायव्हर म्हटलं की मुलगी देत नाहीत. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास कामाची मर्यादा होती, हे मी कुठल्याही ड्रायव्हरला सांगितलं तर तो चहा सांडेपर्यंत हसेल. धंद्याची पत गेली म्हणून माणसं येत नाहीत. ऑस्ट्रेलियात लायसन्सला हलका ट्रक, मध्यम, अवजड, सांध्याची गाडी आणि शेवटी अनेक ट्रेलरची गाडी अशा पायऱ्या आहेत आणि साधारणपणे खालच्या पायरीवर वर्ष काढल्याशिवाय सगळ्यात वरची मिळत नाही. वरच्या लायसन्सवाल्याला दामही वरचे मिळतात. आपल्याकडे पंचवीस वर्षांचा अनुभवी आणि काल बसलेला पोरगा यांचं लायसन्स शब्दशः सारखं, मग शेठनं तात्यांना जास्त पैसे का द्यावेत? बाहेरच्या सहा गाड्यांवरचा कुणीही कायद्याच्या नजरेत तात्यांइतकाच लायक. ट्रेलरची वेगळी पायरी असती तर त्या रात्री तात्यांच्या ‘नाही’ला थोडी किंमत आली असती.

आता पुन्हा वजनाकडे. माल भरणाऱ्याला जबाबदार धरा म्हटलं की लोक असं बघतात जणू मी परदेशी खूळ आणलंय. ज्या कारखान्यातून कॉइल ट्रेलरवर चढते त्याच कारखान्याच्या मागच्या दारातून ती रेल्वेच्या वाघिणीतही चढते. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाचं कलम ७३ काढून बघा. वाघीण क्षमतेपेक्षा जास्त भरली तर दंडाची रक्कम माल पाठवणाऱ्याकडून किंवा घेणाऱ्याकडून वसूल होते. जादा वजनाची पावती इंजिनच्या ड्रायव्हरच्या हातात दिली असं कधी कुणी ऐकलंय? तीच कॉइल, तोच कारखाना, तोच देश. रुळावर माल भरणारा दोषी आणि डांबरावर ओढणारा दोषी, हा न्याय कुठला? खंडाळ्याच्या याच बोरघाटात रेल्वेनं उताराचा भरवसा कधी एकट्या माणसाच्या पायावर ठेवला नाही. सुटलेली गाडी आवरायला वेगळे चढाचे फाटे बांधले. रस्त्यानं तो धडा फारसा घेतला नाही.

समुद्रावरही हेच भांडण दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेलंय. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधले जहाजमालक जुनाट जहाजं काठोकाठ भरून पाठवत; बुडालं तर विमा होताच. करारावर सही केलेला खलाशी असं जहाज बघून चढायला नकार देऊ लागला तर तुरुंगात जाई. सॅम्युएल प्लिम्सॉल नावाच्या खासदारानं यावर काही वर्षं संसद डोक्यावर घेतली आणि १८७६ च्या कायद्यानं प्रत्येक जहाजावर भाररेषा, म्हणजे भरलेलं जहाज पाण्यात याहून खोल जाता कामा नये अशी रेघ, मारणं सक्तीचं झालं. गंमत अशी की ती रेघ कुठे मारायची हे आधी मालकानंच ठरवायचं होतं. सरकारनं जागा ठरवून द्यायला १८९० उजाडलं. खलाशाला तुरुंगात टाकून एकही जहाज तरलं नव्हतं. रेघ मारल्यावर ती तरू लागली. आपल्याकडे हमालांच्या पाठीवरचं शंभर किलोचं पोतं पन्नासवर आलं तेही हमालाला दंड करून आलं नाही. पोतंच लहान शिवलं.

राहिला व्यवहाराचा आक्षेप: गेटवर तपासणार कोण, तिथेही हप्ता चालू होईल. होईलही. पण ओव्हरलोड ही लपून होणारी चोरी नाही हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. भाडं टनावर असतं, त्यामुळे प्रत्येक जादा टन कुठे ना कुठे शाईनं लिहिलेला असतो. सिमेंटच्या चलनावर असतो, वाळूच्या ब्रासात असतो. साखर कारखान्याचं उदाहरण घ्या. दोन ट्रॉल्या जोडून डोलत येणारा उसाचा ट्रॅक्टर गेटवर काटा करतो, किलोपर्यंत वजन कारखान्याच्या संगणकात जातं, त्यावर शेतकऱ्याचं आणि वाहतुकीचं बिल निघतं. क्षमतेपेक्षा जास्त भरून आलेल्या प्रत्येक खेपेचा पुरावा तारीख-वारासकट कारखान्याकडेच असतो. आणि रस्ता सुरक्षा सप्ताहात त्याच ट्रॉलीला रिफ्लेक्टर चिकटवतानाचा पदाधिकाऱ्यांचा फोटो छापून येतो. इथे नवा इन्स्पेक्टर लागत नाही. काट्याचा आकडा आणि गाडीचं पासिंग शेजारी शेजारी ठेवणारा एक कारकून पुरतो. समुद्राच्या व्यापारानं हे केलंसुद्धा. जुलै २०१६ पासून कंटेनरचं प्रमाणित वजन माल पाठवणाऱ्यानं लिहून दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक राज्यांत तर पाठवणारा, भरणारा, वेळापत्रक लावणारा अशी साखळीच कायद्यानं जबाबदार धरली आहे.

शिवाय रस्त्यावर पकडून करणार काय? २००५ मध्ये परमजित भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की दंड भरला म्हणजे जादा वजन पुढे न्यायची मुभा मिळाली असं नाही. जादा माल उतरवलाच पाहिजे. कायदा म्हणून अगदी बरोबर. पण तात्यांच्या गाडीत दोन कॉइल होत्या, बावीस-बावीस टनांच्या. द्रुतगती मार्गाच्या कडेला त्यातले चार टन कसे उतरवायचे, करवतीनं कापून? उतरवणं शक्य असतं ते एकाच जागी, जिथे क्रेन असते आणि बारकी कॉइल शेजारच्या थप्पीत पडलेली असते. म्हणजे भरण्याच्या गेटवर.

एक आक्षेप मात्र मला अजून सतावतो. एकच गाडी असलेला, हप्त्यावर ती घेतलेला मालक म्हणतो की पासिंगमध्ये भरलं तर माझा हप्ता निघत नाही. तो खोटं बोलत नाही. २०१८ मध्ये मर्यादा वाढली तेव्हा वाटलं होतं की आता कायद्यातच जास्त माल बसतोय तर ओव्हरलोड कमी होईल. रस्त्यावर झालं असं की सगळ्यांचीच क्षमता एका रात्रीत वाढली, माल तेवढाच राहिला आणि भाव पडला. ज्याला जगायचं होतं त्यानं नव्या पासिंगवर पुन्हा चार टन चढवले. एकट्यादुकट्यानं पासिंग पाळलं तर तो मरतो. सगळ्यांनी एकाच दिवशी पाळलं तर गाड्या कमी पडतात आणि भाडं चढतं, आणि तसं घडवायचं तर लाखो ड्रायव्हरांच्या मागे लागण्यापेक्षा माल भरणाऱ्या मोजक्या गेटांवर बसणं सोपं आहे. थोडी महागाई होईल, सिमेंटचं पोतं काही रुपयांनी चढेल. ते पैसे आज आपण भरत नाही असं नाही. खड्ड्यांतून आणि नवले पुलावर भरतोच आहोत.

तात्यांनी त्या रात्री गाडीची चावी टेबलावर ठेवली. पुढचे दोन दिवस ते नाक्यावरच्या हॉटेलात बसून होते, तिसऱ्या दिवशी दुसऱ्या गाडीवर गेले. चावी उचलली ती तेवीस वर्षांच्या एका मुलानं, लायसन्सावर तोच शब्द असलेल्या. गाडी कोल्हापूरला सुखरूप पोचली, वाटेत कुणी अडवलं नाही, काही झालं नाही. आठवड्यानं पावती माझ्याकडे आली: ग्रॉस ५९,१२०, टेअर (रिकामी गाडी) १५,०६०, नेट (नुसता माल) ४४,०६०. खाली ड्रायव्हरच्या सहीची जागा होती आणि तिथे त्या पोराची वेडीवाकडी सही होती. माल भरून देणाऱ्याच्या सहीला पावतीवर जागाच नव्हती. मी ४४.०६० टनांचं बिल केलं, वर पासिंगसाठी रकाना नसल्यामुळे तो आकडा कुठे लिहिला नाही, आणि तीन आठवड्यांत एक रुपयाही न कापता ते पास होऊन आलं.